घरामागे एक टोपली

ज्येष्ठ लागला की गिरजाबाईचा हात अजूनही आपसूक आड्याच्या खुंटीकडे जातो. खुंटी रिकामी असते. हात खाली येतो, लुगड्याला पुसला जातो, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून ती दाराकडे नजर टाकते. सत्तरी ओलांडली, दात गेले, पण चुकताना कुणी पाहू नये ही खोड काही गेली नाही.

त्या खुंटीला तिच्या सासूची, सुकरीची, टोपली असायची. बांबूची, शेणानं सारवलेली, काठ काळाभोर झालेला. सासू मेली तेव्हा मोठ्या जावेनं पितळी घागर उचलली, धाकटीनं पाटल्या. गिरजाबाईनं टोपली घेतली. बाया हसल्या. हसू द्या. घागर एका घरात पाणी भरते. त्या टोपलीनं सगळा बोरटोला मोजला जायचा.

बोरटोला म्हणजे पोंभुर्ण्याकडच्या जंगलातली ढिवरांची वस्ती. एक तलाव आणि त्याच्यावर पोट. दर उन्हाळ्यात तलाव गुडघाभर पाण्यावर आला की त्यात मोहाची ढेप पडायची. मोहाची टोरी, त्याचं बी, घाण्यात घातली, तेल निघालं, की मागे राहते ती ढेप. ती पाण्यात पडली की लपून बसलेल्या मरळ-मागूर तडफडत वर येतात. त्या नाही काढल्या तर नव्या बीजातलं एक पिल्लू ठेवत नाहीत. पुढे तीच ढेप सडून पाण्याला खत होते, आणि पावसानं पाळीचा, म्हणजे बांधाचा, शेंदऱ्या दगड बुडाला की रोहू-कतल्याचं बीज सोडायचं. रीत एकच होती. घरामागे एक टोपली. ज्याच्या घरची टोपली पडली, त्याचा तलावात वाटा. नाही पडली, तर त्यानं पाळीवर बसून दुसऱ्याचं जाळं पाहावं. टोपली मात्र सुकरीची. नवरा-बायको वेगळे राहायला निघाले तरी आधी गिरजाबाईच्या दारात यायचे, "बाई, यंदा आमची टोपली निराळी."

"कालपर्यंत एका ताटात जेवत होते ना रे? भांडन कायचं झालं?" असं विचारल्याशिवाय ती टोपली देत नसे. पण देत असे.

सन दोन हजारच्या उन्हाळ्यात तिनं त्रेचाळीस टोपल्या मोजल्या. पाळीवर ढेपेचा ढीग असा झाला की मागची माणसं दिसेनात. बायनाबाई, शेजारीण आणि जन्माची वैरीण, तीसुद्धा म्हणाली, "माय वो, केवढा हा!" गिरजाबाईची मान ताठ झाली. सासूच्या काळी अठरा पडायच्या. वस्ती वाढली, ती आपल्या डोळ्यांदेखत, आपल्या टोपलीतून.

त्याच वर्षी हायस्कुलात प्रफुल मास्तर आला. भद्रावतीच्या दारूगोळा फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेला, बारीक, चष्मेवाला, सायकलच्या हँडलला काचेच्या बाटल्यांची पिशवी अडकवून फिरणारा. शिकवायला रसायनशास्त्र.

"तोफगोळ्याच्या गावचा आहे," गिरजाबाईनं पहिल्या दिवशीच निकाल दिला. "आता पोरायले बारूद बनवाले शिकवते का काय, पाहू."

बारूद नाही, पण आठ दिवसांत तिच्या डब्यातली हळद निम्मी झाली. नववीतली नात रोशनी वहीच्या कागदांना हळद फासून ते वळणीवर वाळत घालत होती.

"अवो कार्टे! लगन हाय का त्या वहीचं?"

"सरनं सांगितलं आजी. हा कागद पानी ओळखते."

गिरजाबाई तशीच शाळेत गेली. वर्ग चालू होता. दारातच उभी राहून म्हणाली, "मास्तर, माही हळद भाजीसाठी हाय. तुह्या कागदाच्या लग्नासाठी नाई."

पोरं खिदळली. मास्तर हसला नाही. "या ना आजी, बसा."

"आजी कोनाले म्हंते? तुह्या मायच्या वयाची आहो मी."

"या ना काकू. पाहा तर." त्यानं एक पिवळा कागद चुलीच्या राखेच्या पाण्यात बुडवला. कागद लाल झाला. पोरांनी "ओऽ" केलं.

"हे दाखवाले सरकार तुले पगार देते?" गिरजाबाई म्हणाली. "हळदीचं लुगडं राखेनं धुतलं का लाल होते, हे बोरटोल्याच्या दर बाईले मालूम हाय. लिंबू पिळ, पुन्हा पिवळं होते. ते सांगितलं का नाई?"

मास्तरानं लिंबू पिळलं नव्हतं. त्याच्याकडे लिंबू नव्हतंच. तो खडू हातात धरून पाहत राहिला, आणि मग वर्गाला म्हणाला, "लिहून घ्या. आज काकूंनी शिकवलं."

असं कुणी म्हटलं तर रागवायचं कसं, हे गिरजाबाईला कुणी शिकवलं नव्हतं. जाताना तिनं फळ्याकडे बोट केलं. "ते काय लिहून ठेवलं मोठ्या अक्षरात?"

"शाश्वत विकास. पुस्तकात नाही, मीच घातलं. आज आपण खाऊ, पण उद्याच्या पोरायलेही उरलं पाहिजे. पाणी, जंगल, मासोळी. रसायन शिकायचं ते यासाठी."

"हे शिकाले बाटल्या लागते? आमच्या तलावात शेंदऱ्या दगडाखालच्या डोहात जाळं टाकत नाई कोनी. देवाचा डोह हाय. मोठ्या मासोळ्या तिथीच राह्यते. तुहा विकास तुह्या जन्माआधीपासून चालू हाय इथी."

"मंग मी बरोबर गावात आलो," मास्तर म्हणाला.

घरी येऊन तिनं रोशनीला हळदीचा डबा वरच्या फळीवरून खाली काढून दिला. "थोडी घे. सगळी नको नेऊ," म्हणाली. त्या घरात याला लाड म्हणत.

श्रावण लागायच्या आधी शेंदऱ्या दगड बुडाला. गिरजाबाईनं स्वतः पाणी पाहिलं. गुरं पीत होती, त्यांना काही होत नव्हतं. बेडूक होते. रंग जरा काळपट होता, पण तो खताचा. तिनं मुलाला, रामाजीला, मच्छीमार सोसायटीच्या कागदावरच्या अध्यक्षाला, हुकूम दिला, आणि बीजाच्या फुगलेल्या पिशव्या आल्या. बोटाच्या पेराएवढी पिल्लं. बायांनी पाळीवर हळद-कुंकू वाहिलं, पिशव्या सोडल्या, पाणी क्षणभर चंदेरी झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाळीच्या कडेनं पांढरी किनार लागली होती. लांबून कुणाला वाटलं असतं, साबणाचा फेस आहे. पोटं वर करून पडलेली बोटुकली होती ती. सगळी. कावळ्यांना खाऊन कंटाळा आला इतकी.

बोरटोल्यात त्या दिवशी चुली पेटल्या नाहीत. वर्षभराची मासोळी गेली होती. आणि माणसाचं असं असतं, की दुःख एकटं बसू शकत नाही, त्याला कुणाचं तरी नाव लागतं. नाव बायनाबाईनं आणलं.

"परवा तुही रोशनी पाळीवरून बाटली ओतत होती तलावात. माह्या डोळ्यानं पाह्यलं मी. शाळेची बाटली."

रोशनीचा चेहरा पडला. "आजी, तलावाचंच पानी होतं ते! तपासाले नेलं होतं, उरलं ते वापस टाकलं."

"नुसतं पानी होतं?"

"नुसतं पानी."

"तुह्या मास्तरनं त्यात काही टाकलं असन तर तुले कसं समजन?" असं म्हणताना गिरजाबाईला मनातल्या मनात बरंच वाटलं. मास्तर बाहेरचा होता. बाहेरच्यानं केलं म्हटलं की आतलं सगळं नीट राहतं.

रामाजीनं अर्ज लिहिला. शाळेतल्या प्रयोगाच्या औषधानं तलाव मेला, मास्तरला काढा. खाली त्रेचाळीस घरांच्या सह्या आणि अंगठे. पहिला अंगठा गिरजाबाईचा. शाळेच्या संस्थेचे सचिव सोमवारी येतो म्हणाले. मास्तर अजून कायमही झाला नव्हता. अर्ज खरा ठरला तर त्याला सायकल उचलून भद्रावतीची बस धरावी लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही.

शनिवारी गिरजाबाई पाच-सात बाया घेऊन शाळेत गेली. खडसवायलाच. मास्तर भांडला नाही. चेहरा मात्र उतरला होता. म्हणाला, "काकू, मी काही टाकलं नाही. पण काय झालं ते मलाही नाही कळत, खरं सांगतो. वर्गात साबणाचा धडा चालू आहे. पोरायनं आपापलं पाणी आणलं आहे. पाहून जा."

टेबलावर चार सारख्या बाटल्या होत्या. गावच्या विहिरीचं पाणी, हातपंपाचं, नाल्याचं, तलावाचं. साबण कशातच नाही. रोशनीनं एकेक बाटली घेऊन, बूच दाबून, वीसदा हलवली. विहिरीचं पाणी हललं आणि शांत झालं. हातपंपाचंही. नाल्याचंही. तलावाच्या बाटलीत मात्र वर फेस आला, बोटभर, आणि बसला तो बसलाच. मास्तरनं घड्याळ धरलं. पाच मिनिटं झाली तरी फेस होता.

"कपडे धुते ना बाया तलावावर, त्याचा असन," बायनाबाई म्हणाली.

"मलाही आधी तेच वाटलं," मास्तर म्हणाला. "पण साबणाच्या पाण्यात हळदीचा कागद लाल व्हायला पाहिजे. हा पिवळाच आहे. म्हणजे दुसरंच काही आहे. मला नाही माहीत काय."

रोशनीनं बूच काढून बाटली आजीच्या हातात दिली. गिरजाबाईनं नाकाशी नेली, आणि तिला एकाएकी आपली माय आठवली.

माहेरच्या अंगणात दगडावर बसवून माय न्हाऊ घालायची. साबण कुणी पाहिला होता तेव्हा? ढेप भिजत घालायची, ती केसांवर चोळायची, आणि असा फेस यायचा. मऊ, बारीक, न मोडणारा. डोळ्यांत गेला की भोकाड पसरायचं, आणि माय पाठीत धपाटा घालून म्हणायची, मरत नाईस तू, मासोळी हायेस का? चाळीस वर्षांमागचा तो धपाटा गिरजाबाईच्या पाठीत त्या वर्गात बसला.

मासोळी हायेस का.

तिनं बाटली खाली ठेवली. "चला वो," म्हणाली, आणि वळली. बायांना वाटलं, बाई रागात आहे.

घरी आली, खुंटीवरची टोपली काढली, पुढ्यात घेऊन बसली. अंगणात पोरींचे चिंगोळे पडले होते, खेळायचे खडे. त्यातले तिनं अठरा वेचून एका बाजूला ठेवले. मग एकेक घर आठवत दुसरी रास मांडली. हा सोमाचा. त्याचे दोन पोरं वेगळे झाले, हे दोन. बायनाबाईचं घर, तिच्या दिराचं. आपला रामाजी, आपला धाकटा. त्रेचाळीस. दोन्ही राशींकडे ती पाहत राहिली. घरं वाढली होती. टोपल्या वाढल्या होत्या. तलाव? तलाव सासूच्या वेळी होता तेवढाच. तेवढाही नाही. पश्चिमेकडून गाळानं भरत आला होता, आणि तिकडच्या कडेला लोक धान लावत होते.

रीत एका टोपलीनंही मोडली नव्हती. हीच तर गोम होती. चोरी केली असती तर चोर सापडला असता.

रोशनी मागं येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे. "आजी," ती हळूच म्हणाली, "याले संहती म्हंते. तेवढ्याच पान्यात जास्त टाकलं का संहती वाढते."

"मालूम हाय मले."

"तुले कसं मालूम?"

"पोटभर सयपाक केला या हातानं. पाहुने वाढले का मीठ वाढवतो आपन, पन वरन बी वाढवतो ना! वरन तेवढंच ठेवून मीठ टाकत राह्यलो तर कोन खाईन?" राशीतला एक खडा घरंगळला. तिनं तो लगेच पकडून जागेवर बसवला. "ढेप आपल्या जंगलातली. आपल्या मोहाची. मले वाटे, आपलं हाय ते कशाले मारन?"

"सोमवारी सांगशील?"

गिरजाबाई खडे टोपलीत भरू लागली. सांगितलं तर मास्तर वाचतो, आणि सुकरीच्या टोपलीनं गावाची मासोळी मारली हे बोरटोल्याच्या पोरासोरांच्या तोंडी जातं. बायनाबाई तर ते पाळण्यातल्या नातवालाही गाऊन दाखवील. नाही सांगितलं, तर पुढल्या ज्येष्ठात पुन्हा ढीग लागेल, आणि यंदापेक्षा दोन टोपल्या जास्त. कारण दोन लग्नं ठरली होती.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात सचिव खुर्चीवर बसले. रामाजीनं अर्ज वाचला. मास्तर भिंतीशी उभा होता, हातात बाटल्यांची पिशवी, जणू निघायच्या तयारीनं. सचिवांनी विचारलं, "कुणाला काही बोलायचं आहे?"

"मले," गिरजाबाई म्हणाली. कडेवर टोपली घेऊन ती पुढे आली. "त्या कागदावर पहिला अंगठा माहा हाय. तो पुसा."

"माय!" रामाजी दचकला.

"तू चूप बस. अध्यक्ष असशील कागदावर." तिनं टोपली सगळ्यांपुढे ठेवली. "मासोळ्या मास्तरनं नाई मारल्या. ह्या टोपलीनं मारल्या. मी मोजून दिल्या त्रेचाळीस. माह्या सासूनं अठराच्या वर कधी टाकल्या नाई. तिच्या वेळी अठराच घरं होते. मले वाटलं मी रीत पाळून राह्यली. मी नुसती टोपली पाळून राह्यली, तलाव नाई पाह्यला."

बायनाबाईचं तोंड उघडं होतं, पण जन्मात पहिल्यांदा त्यातून काही निघेना. मग निघालं. "म्हंजे आता अठरा घरायचाच वाटा का? बाकीच्यायनं काय जंगलात जावं? माह्या पोराची टोपली पडली नाई तर त्याचा तलाव गेला म्हनून समजाचं का?"

व्हरांडा पेटला. जुनी घरं एकीकडे, नवी दुसरीकडे. सचिव घड्याळ पाहू लागले. मास्तर पुढे होऊन काही सांगणार, तर गिरजाबाईनं त्याला हातानंच थांबवलं. हा धडा त्याचा नव्हता.

"बायने, ओरडू नको. वाटा सगळ्यायचा. पोराचा बी, त्याच्या पोराचा बी. माप बदलन." तिनं रोशनीला हाक मारली. "ह्या टोपलीत किती मावते वो?"

"दहा शेर. काल मोजलं आपन."

"अठरा टोपल्याचे?"

"एकशे ऐंशी शेर."

"आता त्रेचाळीस घरायनं एकेक पायली, चार-चार शेर, आनली तर?"

"एकशे बहात्तर."

"ऐकलं? घरामागे पायली. शीग नाई, सपाट. पहिली पायली माह्या घरची. आनि ज्याले पायली टाकाले लाज वाटन, त्यानं माह्यासमोर येऊन सांगावं."

कुणाची छाती होती? सचिवांनी अर्ज घडी करून खिशात घातला, चहा पिऊन गेले.

मास्तर जवळ आला. म्हणाला, "काकू, मी आयुष्यभर शिकवलं असतं तरी—"

"आयुष्यभराचं नंतर पाहू. पह्यले हे सांग, आता पानी सुधरलं हे कसं समजाचं? का पुन्हा सारी बोटुकली मारून पाहाची?"

"दर चार दिवसांनी बाटली हलवायची. फेस राहिला नाही, की एका मडक्यात तलावाचं पाणी घेऊन चार पिल्लं सोडायची. दोन दिवस जगली, तर बाकीची."

भादवा लागेपर्यंत रोशनी बाटली हलवत राहिली. पाळीवर म्हातारे जमायचे, फेस किती वेळ टिकतो यावर पैजा लागायच्या. एके दिवशी फेस आला आणि लगेच बसला. मडक्यातली चार पिल्लं दोन दिवस गिरजाबाईनं पाटावर बसून राखली, मांजरीला आणि बायनाबाईला, दोघींना जवळ येऊ न देता. चारही जगली. उशिरा थोडं बीज मिळालं, ते सोडलं. माघात निघालेली मासोळी तळहाताएवढीच होती, पण होती.

प्रफुल मास्तर तीन वर्षं राहिला आणि मग साध्या, सरळ बदलीनं गेला. जाताना घरी आला, जेवला, आणि चाचरत म्हणाला, "काकू, ती टोपली शाळेला द्याल?"

"कशाले? हळद ठेवाले?"

"पोरायले दाखवायला."

तिनं दिली नाही. चांगलं सुनावलं, सासूची वस्तू म्हणजे काय शाळेचं सामान वाटलं का. मास्तर बसला सायकलवर, पाळीच्या वळणापर्यंत गेला. तेव्हा तिनं रोशनीला टोपली देऊन धावत पाठवलं.

आता ती प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, काचेच्या नळ्यांशेजारी. दर ज्येष्ठात नववीची पोरं बाटल्या घेऊन पाळीवर येतात, त्यांना वाटतं ही रीत सुकरीच्याही आधीची. गिरजाबाई त्यांना तसं वाटू देते.

काही घरं शहराकडे गेली, काही नवी झाली, यंदा सेहेचाळीस भरली. परवा बायनाबाईचा नातू दारात आला. "आजी, यंदा आमची पायली निराळी."

"भांडन कायचं झालं?" तिनं विचारलंच. मग हात खुंटीकडे गेला, रिकामा परत आला. ती अंगणात फतकल मारून बसली, चिंगोळ्यांची रास ओढली आणि बराच वेळ मांडत राहिली. रोशनी नागपूरहून फोनवर एका श्वासात सांगू शकली असती. पण तिला विचारायचं कशाला?

"तीन शेर," शेवटी ती म्हणाली. "सगळ्यायले सांग. पायली नाई आता. घरामागे तीन शेर."

"काऊन आजी? दरसाल तर पायलीच असते."

"तलाव वाढला का रे?" गिरजाबाई म्हणाली. "मंग? जाय, सांग."